जुन्या मोटारीची वीज



आमच्या घरीं १९५७ सालची एक मॉरिस मायनर आहे. वडिलांनीं ती १९७५ सालीं जुनीच विकत घेतली आणि पुढें हौसेनें तिच्या डॅशबोर्डावर एक अँपियरमापक बसविला. आज बोलावयाचें आहे तें या मापकाविषयीं.

मायनरचें मूळचें जनित्र म्हणजे लुकसचा डायनॅमो. तो फार तर वीसेक अँपियर प्रवाह देतो, आणि तोहि एंजिन भरधांव चालत असतां. चौकांत गाडी थांबली कीं तो जवळजवळ कांहींच देत नाहीं. पुढचे दोन दिवे नव्वद वॅटचे धरले तर बारा व्होल्टच्या गाडींत तेवढ्यालाच साडेसात अँपियर लागतात. थांबल्या वेळीं हा सारा भार बॅटरीवर पडतो. मोकळ्या रस्त्यांच्या काळीं हें चालून जाई. आजच्या गर्दींत पावसाळ्यांतील एका संध्याकाळीं बॅटरी बसते.

म्हणून लोक आल्टरनेटर बसवितात. सिलिकॉनचे डायोड निघाल्यावर हें यंत्र मोटारींत सोयीचें झालें; अमेरिकेंत क्रायस्लरनें तें १९६० च्या व्हॅलियंट गाडीला दिलें. यांत मुख्य प्रवाह स्थिर वेटोळ्यांत उत्पन्न होतो, तो ब्रशांतून घ्यावा लागत नाहीं. त्यामुळें फिरता भाग पुष्कळ वेगानें फिरवितां येतो आणि एंजिन मंद असतांहि बॅटरी भरत राहते.

आम्हींहि पंचेचाळीस अँपियरचा आल्टरनेटर आणला. जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असतें. तें बदलून ऋण टोंक जोडावें लागतें, नाहीं तर डायोड क्षणांत जळतात. कारागिरानें तें नीट केलें. मात्र तार जुनीच ठेवली, आणि ती पूर्वीप्रमाणें अँपियरमापकांतूनच नेली.

आतां अँपियरमापकाची गोष्ट अशी, कीं मोजावयाचा सगळा प्रवाह त्याच्या पोटांतून जावा लागतो. पाणी मोजण्यासाठीं गल्लींतला मोठा नळच दिवाणखान्यांतून फिरवून न्यावा, तसा हा प्रकार. आमच्या मापकावर तीसपर्यंतच आंकडे होते.

त्या पावसाळ्यांत बोरघाट चढत होतों. रात्र होती, बॅटरी आधींच उतरलेली. कांटा उजव्या टोंकाला जाऊन टेकला होता. वडील म्हणाले, “पाहा, कशी छान भरते आहे!” आम्हीं सर्वांनीं तें शुभचिन्ह मानलें. खंडाळ्याच्या अलीकडे रबर जळल्याचा वास आला आणि डॅशबोर्डामागून धूर निघूं लागला. मागच्या आसनावर दोन मुलें झोंपलीं होतीं. त्यांना उचलून बाहेर काढलें आणि पान्यानें बॅटरीची तार सोडविली, तेव्हां धूर थांबला. त्या तारेवर फ्यूज नव्हताच.

आतां आल्टरनेटरपासून जाड तार डॅशबोर्डाकडे न जातां सरळ बॅटरीकडे जाते, आणि बॅटरीच्या अगदीं जवळ तिच्यावर फ्यूज आहे. शेजारीं व्होल्टमापक बसविला आहे. त्याला बारीक तार आणि नांवापुरता प्रवाह पुरतो. गाडी बंद असतां तो साडेबाराच्या जरा वर दाखवितो, चालू असतां चौदाच्या आसपास. चालत्या गाडींत तो तेराच्या खालीं राहूं लागला तर पट्टा सैल झाला आहे काय, तें प्रथम पाहावें. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला असें समजावें. तशीच गाडी हांकली तर बॅटरी उकळते. प्रवाह नेमका कोठें खर्च होतो, हें मात्र व्होल्टमापक सांगत नाहीं. तेवढा अँपियरमापकाचा गुण मान्य केला पाहिजे. ज्यांची गाडी केवळ रविवारीं सकाळीं निघते, त्यांनीं डायनॅमो खुशाल ठेवावा; अँपियरमापकहि त्याला शोभतो.

आमचा अँपियरमापक वडिलांनीं काढूं दिला नाहीं. तो अजून डॅशबोर्डावर आहे. त्याच्यामागें तार तेवढी नाहीं.