सायकलवाले आपल्या दारावरून जातात तेव्हा

मी अकोले तालुक्यातल्या महिला बचत गटांची समन्वयक बोलतेय. गटाच्या बैठकीत आपण शेळीपालन बोलतो, पापड-कुरडया बोलतो, बँकेचा हप्ता बोलतो. आज मी सायकलींच्या रस्त्याबद्दल बोलणार आहे. हसू नका, पुरतं ऐका. हा रस्ता तुमच्या अंगणासमोरून जातो.

भंडारदऱ्याचं धरण आपल्याला नवीन नाही. प्रवरेवरचं हे धरण इंग्रजांच्या काळात, १९२६ साली पुरं झालं. त्याचं पाणी मागे डोंगरांच्या कुशीत पसरलंय. एका बाजूला कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. दुसऱ्या बाजूला रतनगड. या पाण्याच्या कडेकडेने रस्ता फिरतो. शेंडीहून निघालं की मुरशेत, पांजरे, उडदावणे, मग घाटघर. तिथून साम्रद, रतनवाडी, आणि कोलटेंभे, मुतखेल करत परत शेंडी. साधारण ४० ते ४५ किलोमीटरचा फेरा. आपण तो जीपमध्ये दाटीवाटीने बसून करतो, म्हणून त्याचं आपल्याला काही वाटत नाही. मुंबई, नाशिक, पुण्याची माणसं मात्र मुद्दाम सायकल घेऊन तो करायला येतात.

इथे पोचायला त्यांचे दोन रस्ते. मुंबई-नाशिककडचे घोटीवरून येतात. बारीचा चढ चढले की कळसूबाई शेजारी आणि पुढे शेंडी. दुसरे अकोल्याहून राजूरमार्गे, रंधा धबधब्याजवळून वर येतात. दोन्हीकडून चढ आहेच. आणि चढ आहे म्हणूनच आपलं काम आहे. ते कसं, सांगते.

गाडीवाला रतनवाडीला येतो, अमृतेश्वराचं दर्शन घेतो, फोटो काढतो, निघून जातो. त्याच्या डिकीत पाणी असतं, खाणं असतं. सायकलवाल्याच्या जवळ दोन बाटल्या आणि पाठीच्या खिशात मावेल तेवढंच. चढावर त्याचा वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो. तासाला अर्धा ते एक लिटर पाणी त्याच्या अंगातून घामावाटे जातं, घामाबरोबर मीठ जातं. दीड-दोन तासांनी त्याला थांबावंच लागतं. दुपारच्या उन्हात खाचराच्या बांधावर तुम्ही जे मागता, तेच त्याला हवं असतं. पाणी, गूळ, मीठ, सावली.

म्हणजे त्याला लागतं ते आपल्या घरात आहे. लिंबू-साखर-मिठाचं सरबत. ताक. उकडलेला बटाटा मीठ लावून. केळी. शेंगदाण्याचा लाडू. जेवायच्या वेळेला नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि आपला काळभात किंवा जिरवेल. शहरात हा तांदूळ लोक शोधून घेतात. तो आपल्या पानात वाढला तर माणूस जाताना दोन किलो बांधून मागतो. सायकलवर जास्त नेता येत नाही, म्हणून अर्ध्या किलोच्या पुड्या करून ठेवा.

यांच्यातले काही जण लांब पल्ल्याचे असतात. त्यांची एक रीत असते, तिला ब्रेव्हे म्हणतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत पुरं करायचं. मदतीला मागे गाडी ठेवायची नाही. वाटेत ठरलेल्या ठिकाणी आपण पोचलो याचा पुरावा म्हणून कार्डावर शिक्का घ्यायचा, किंवा तारीख-वेळ असलेली दुकानाची पावती. असा कुणी पावती मागायला आला तर गोंधळू नका. गटाचं पावतीपुस्तक काढा, गावाचं नाव, तारीख, वेळ लिहा, गटाचा शिक्का मारा. त्याचं काम झालं.

आता या सायकलींची एक गंमत. टायर बारीक, हवा खूप कडक. त्यांच्या ट्यूबचा व्हॉल्व्हही बहुतेक वेळा बारीक असतो, त्याला आपल्या पंपाचं तोंड बसत नाही. त्याच्यावर चढवायची छोटी पितळी टोपी मिळते, शहरातल्या सायकलच्या दुकानात, अगदी किरकोळ किमतीत. उभा पंप आणि ही टोपी दारात ठेवली आणि पाटीवर ‘हवा मिळेल’ लिहिलं, तर हवेसाठी थांबलेला माणूस चहाही पितो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, संडास. हल्ली या सायकलींवर पोरी, बायका खूप असतात. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विसाव्या वर्षी सायकलवरून जगाची फेरी पुरी केली, साधारण २९ हजार किलोमीटर. अशा पोरींना बघून कितीतरी जणी घराबाहेर पडतात. पण वाटेत जायचं कुठे, हा त्यांचाही प्रश्न आपल्यासारखाच. पाणी कमी पीत पीत यायचं आणि मग चढावर चक्कर येते. ज्या घरी स्वच्छ संडास, बादलीभर पाणी आणि आतून लागणारी कडी आहे, त्या घरी बायका थांबणार. ते घर त्या दुसऱ्यांनाही सांगणार. याला मोठं भांडवल लागत नाही.

हे सगळं मी का सांगतेय? भात काढून झाला की आपल्या वाड्यांवर काय होतं, तुम्हाला माहीत आहे. दाराला कुलूप लागतं आणि माणसं नारायणगाव, ओतूरकडे मजुरीला जातात. पोरं बरोबर जातात, शाळा सुटते. म्हातारी माणसं मागे राहतात. आणि सायकलवाल्यांचा खरा हंगाम तोच असतो. पाऊस सरतो, हवा गार होते, रस्ता कोरडा होतो. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत शनिवार-रविवारी हा रस्ता जागा असतो, आणि रस्त्याकडेची आपली घरं बंद असतात.

मी हा विषय एका बैठकीत काढला, तेव्हा एका ताईने सरळ विचारलं, “ते रविवारी येतात. सोमवारी आम्ही काय खायचं?” प्रश्न बरोबर आहे. म्हणून आकडा मांडूनच बघू. समजा एका रविवारी २० जण थांबले आणि प्रत्येकाने ६० रुपयांचं खाल्लं. १२०० रुपये झाले. सामान, सरपण, गॅस यांचे ५०० वजा करा. राहिले ७००. तिघी राबल्या तर एकीला २३३ रुपये. आठवड्यातून दोनच दिवस. यावर घर चालत नाही, हे मी आधीच सांगते. ‘पर्यटनाने सोनं होईल’ असं कुणी सांगत आलं तर त्याच्या नादी लागू नका.

पण दुसरी बाजू बघा. घरात एक बाई मागे राहिली तर पोरं शाळेत राहतात. तिच्या हाताला आठवड्याचे इतर दिवस गावातलं काम असतं, शेळ्या असतात, म्हातारी सासू असते. तिला कमी पडतं ते महिन्याचं थोडं रोख. तेवढं या रस्त्यावरून निघू शकतं. गटातल्या दहा जणींनी नाही, दोघी-तिघींनी मागे राहायचं ठरवलं, तरी दोन-तीन घरांचं कुलूप निघतं.

पथ्यं मात्र पाळायची. पहिलं, यासाठी कर्ज काढायचं नाही. चूल, भांडी, ओटा आहे तोच वापरा. एक हंगाम बघा, वहीत लिहा, मग पुढचं. दुसरं, दर पाटीवर लिहा आणि सगळ्यांना तोच दर लावा. दमलेला माणूस बघून भाव वाढवला तर तो देईल, पण परत थांबणार नाही. तिसरं, टपरी स्वतःच्या अंगणात. आपला बराचसा भाग अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याच्या जागेत काही मांडू नका. चौथं, खाद्यपदार्थ विकायला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. लहान धंदा असला तरी लागते, ती गटाने आधी करून घ्यावी. पाचवं, प्लास्टिकची बाटली विकण्यापेक्षा उकळून गार केलेलं पाणी त्यांच्या बाटलीत भरून द्या. बाटल्या शेवटी आपल्याच पाण्यात जातात.

आणि रस्त्याचं एक. वळणावर सांडलेली खडी, वाळू किंवा शेण यावरून बारीक टायर घसरतं. उतारावर माणूस वेगात असतो, हाड मोडू शकतं. घरासमोरचं वळण सकाळी झाडून घ्या. त्याच वळणावर आपली पोरंही शाळेला सायकलने जातात. जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर आणि १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता पुढच्या बैठकीत एवढं करा. बचतीचे पैसे जमा झाले, कर्जाचा हिशोब झाला की अर्धा तास ठेवा. रस्त्याला लागून कोणाचं घर आहे, कोणाकडे चांगला संडास आहे, आणि यंदा भात काढल्यावर कोणाला मागे राहायचं आहे, ही तीन नावं-यादी इतिवृत्तात लिहा. मग लागोपाठ दोन रविवार रस्त्याकडेला बसून सकाळी सहा ते बारा किती सायकली गेल्या, त्यात बायका किती, हे मोजा. तुमच्या रस्त्यावर दहाच येत असतील तर हा उद्योग तुमचा नाही, सोडून द्या. चाळीस येत असतील तर चूल पेटवा.

मोजलेला आकडा आपल्या केंद्रावर कळवा. एवढं बोलून थांबते.