लेकरांचं पान कुणाच्या हिशेबात?

लग्नसराई जवळ आली, किंवा घरात एखादा मोठा कार्यक्रम ठरला, की एक प्रश्न हमखास निघतो आणि तो बहुधा दबक्या आवाजातच निघतो. लहान मुलांच्या जेवणाचे पैसे धरायचे की नाही? प्रश्न पाहिला तर दोन-चारशे रुपयांचा. पण त्याच्यापायी सख्खे भाऊ अबोला धरतात, नणंदा-भावजयांत टोमणे सुरू होतात आणि ज्या कार्यक्रमासाठी सगळे जमले त्याची गोडी निघून जाते. म्हणून आज या लहानशा प्रश्नाचा जरा सावकाश विचार करू.

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्या वऱ्हाडात हा प्रश्न फार जुना नाही. पूर्वी कार्याला आचारी बोलावला जाई. तो किराण्याची यादी देई, घरधनी गहू, डाळ, तेल, साखर आणून टाकी आणि आचाऱ्याला त्याची मजुरी मिळे. वाढायला गावातलीच पोरं असत. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा, एवढ्यावर पंगती उठत. पाचशेच्या पंगतीत पन्नास लेकरं जास्त आली तर भाताचं एक पातेलं वाढे. कोणत्या लेकराचे किती पैसे झाले हे काढायची सोयच नव्हती, कारण जेवणाला पानागणिक भावच नव्हता.

मग मंगल कार्यालयं आली, बुफे आला आणि त्याच्यासोबत ‘पर प्लेट’ हा शब्द आला. कॅटरर ताटं मोजून देतो आणि ताटं मोजून पैसे घेतो. त्या दिवसापासून प्रत्येक लेकरू हा एक आकडा झाला. तीन वर्षांची पोर हातात ताट घेऊन जिलबीपुढे उभी राहिली की बिलात एका मोठ्या माणसाचं जेवण जमा होतं. तिनं खाल्लेली असते अर्धी जिलबी. बाकीचं ताट जातं टोपल्यात.

म्हणजे इथं दोन हिशेब आहेत आणि सगळा घोळ ते एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. एक हिशेब यजमान आणि कॅटरर यांच्यातला. तो व्यवहार आहे. दुसरा हिशेब आपल्या माणसांतला. तो व्यवहार नाही.

व्यवहाराचं आधी बोलू. तिथं संकोच करू नये. समजा, पाचशे पाहुणे आहेत, त्यात शंभर मुलं आहेत आणि ताटाचा भाव अडीचशे रुपये आहे. मुलांची पूर्ण ताटं धरली तर पंचवीस हजार रुपये होतात, अर्धी धरली तर साडेबारा हजार. कर्ज काढून लेकीचं लग्न उभं करणाऱ्या बापाला हा फरक लहान नाही. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट, हे सर्वांना ठाऊक आहे. रेल्वेनं २१ एप्रिल २०१६ पासून नियम थोडा बदलला. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. यातला विचार कॅटररशी बोलताना कामाचा आहे. जे लेकरू आईच्या ताटात जेवतं त्याचं काही नाही. जे स्वतंत्र पण थोडं जेवतं त्याचं अर्धं. बारा वर्षांचा पोरगा पूर्ण जेवतो, त्याचं पूर्ण. हे इसार देतानाच बोलावं, कागदावर लिहून घ्यावं. कार्य आटोपल्यावर कार्यालयाच्या दारात घातलेला वाद कुणालाच शोभत नाही. आणि कॅटररच्याही पोटाचा विचार करावा. मुलांची खरी संख्या लपवून त्याला फसवू नये.

पण हा हिशेब यजमानाच्या खिशातच राहिला पाहिजे, पाहुण्याच्या कानावर जाता कामा नये. आपण पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापतो. त्याच पत्रिकेच्या खाली घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं घालून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ असंही छापतो. लेकरांच्या नावानं आमंत्रण द्यायचं आणि लेकरं आली की आकडा वाढला म्हणून कपाळाला आठ्या घालायच्या, हे बरं नव्हे. ऐपत नसेल तर पदार्थ कमी करावेत. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला रूढीप्रमाणे दारू-मटणाचं जेवण न देता साधं गोडाचं जेवण घातलं, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. कर्ज काढून सण करू नका, हे ते जन्मभर सांगत राहिले. पाचाऐवजी दोन पदार्थ करण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो आलेल्या लेकराचं पान मोजण्यात.

आता दुसरा हिशेब, आणि खरी अडचण इथंच आहे. अलीकडे भावंडं मिळून वर्गणीनं कार्यक्रम करतात. आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, चला, सगळे एकत्र जमू. समजा, चार भावंडांनी असा बेत सेमाडोहला ठरवला. परतवाड्याहून घटांगचा घाट चढून जायचं, सिपना नदीच्या काठाचं ते जंगल पाहायचं, दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. व्याघ्र प्रकल्पाचा भाग, म्हणून बँड नाही, लाऊडस्पीकर नाही. फक्त आपली माणसं.

थोरला भाऊ शेतकरी, अंजनगावकडचा, त्याला तीन मुलं. बहीण अकोल्याला, तिला दोन. मधला अमरावतीला मास्तर, त्याला एक. धाकटा पुण्याला नोकरीत, त्याला अजून मूलबाळ नाही. आई-वडील धरून सोळा पानं. तीनशे रुपये पानाप्रमाणे चार हजार आठशे. आई-वडिलांचं चौघांनी वाटून घेतलं आणि बाकी पानागणिक काढलं, तर थोरल्याच्या वाट्याला एक हजार सहाशे पन्नास रुपये येतात आणि पुण्याच्या धाकट्याच्या वाट्याला साडेसातशे. म्हणजे ज्याचा कापूस यंदा पावसात भिजला त्यानं सर्वांत जास्त द्यायचे आणि ज्याला एक तारखेला पगार होतो त्यानं सर्वांत कमी! गणित बिनचूक आहे. न्याय मात्र त्यात नाही.

‘दादा, तुमचे सात पैकी पाच वर्षांखालचे किती?’ असं कुणी फोनवर विचारलं, की थोरला हसून म्हणतो, ‘आमचे पाचच जण आहोत बापा, सात नाहीत.’ आणि आठ दिवसांनी निरोप येतो, तूर काढायची आहे, तुम्ही होऊन या. श्रोतेहो, त्या दिवशी तूर नसते. त्या दिवशी वर्गणी असते.

धाकट्याचंही म्हणणं ऐकलं पाहिजे. तो म्हणेल, मुलं तुमची, मग मी का भरू? प्रश्न चुकीचा नाही. घरागणिक सारखी वर्गणी काढली तरी सगळं सुटत नाही. एकटी राहणारी विधवा आत्या आणि पाच जणांचं कुटुंब यांनी सारखेच पैसे द्यावेत, हेही अन्यायाचंच. म्हणून डोकी मोजू नयेत आणि चुलीही मोजू नयेत. एकाच विश्वासू माणसाच्या हाती ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे द्यावं. कुणी किती दिले हे त्यानं कुणाला सांगू नये. कमी पडले तर ज्याला परवडतं त्यानं गुपचूप भरावेत. एकत्र कुटुंबाची शेती होती तेव्हा हेच चालत होतं. घरात सहा लेकरं असलेल्या भावाच्या वाटची ज्वारी कुणी वेगळी मोजत नव्हतं.

सेमाडोहचं नाव मी उगाच घेतलं नाही. ते ज्या मेळघाटात आहे, तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी १९९३ साली सारा महाराष्ट्र हादरला. लहान वयात पोटभर न मिळणं म्हणजे काय, हे या डोंगरानं आपल्याला दाखवलं. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, तिच्यातून अंगणवाड्या गावोगाव पोचल्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तर सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचा अंगणवाडीतला आहार आणि पुढं सरकारी व अनुदानित शाळेत आठवीपर्यंतचं दुपारचं जेवण हा हक्कच ठरवला. त्यासाठी मुलाच्या बापाला कुणी पैसे मागत नाही. लेकराचं पान सर्वांच्या हिशेबात धरायचं, असं एवढ्या मोठ्या देशानं ठरवलं आहे. त्याची अंमलबजावणी कुठं कमी पडते, हा वेगळा विषय. पण देशाला जे पटलं ते चार भावंडांना पटायला हरकत नसावी.

मग मोजणी करायचीच नाही का? करायची, जरूर करायची, पण स्वयंपाकासाठी. किती लेकरं येणार, कोण किती वर्षांचं, हे आचाऱ्याला आधी सांगावं. त्यांच्यासाठी बिनतिखटाचं वरण, मऊ भात, तूप, एखादी साधी भाजी वेगळी काढायला सांगावी. आपल्याकडचा वांग्याचा रस्सा मोठ्यांच्याही डोळ्यांत पाणी आणतो. लेकरांची पंगत सर्वांत आधी, खाली बसवून, थोडं थोडं वाढून करावी. अन्न वाया जात नाही, ताटांचा आकडा आपोआप उतरतो आणि त्यांच्या आयांना मग दोन घास निवांत खाता येतात. भांडी घासायला आलेल्या बाईचं लेकरू दाराशी उभं असतं, त्यालाही त्याच पंगतीत बसवावं.

लहान मूल जेवताना आपल्याला वाटतं, त्याचं लक्ष ताटात आहे. त्याचं लक्ष आपल्या बोलण्याकडेही असतं. ‘याचं अर्धं लावलं की पूर्ण?’ हे वाक्य सात वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं आणि पुढची पोळी मागायला त्याचा हात पुढं येत नाही. तेव्हा वाढताना लेकरं मोजा, पैसे मागताना मोजू नका.