ओलाव्याचा हिशेब

संस्था चपळ असावी असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धावपळ उभी राहते. खरे पाहता संस्थेची चपळाई वेळेवर ठरविण्यात असते. आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचेच पाहा ना. 2002 साली कायदा बदलला आणि दहा शेतकऱ्यांनाही मिळून अशी कंपनी काढता येऊ लागली. कंपनी निघाली, पुढे काय?

सोयाबीन सोंगून, मळून पोत्यात भरले की पहिला प्रश्न ओलाव्याचा. व्यापारी मूठभर दाणे घेतो, एखादा दाताखाली धरतो आणि म्हणतो, "ओला हाय माल." झाली कट्टी सुरू! आता ओलावा मोजण्याचे लहानसे यंत्र कंपनीला घेता येते. पण यंत्र आकडा सांगते, निर्णय सांगत नाही, बरे का. 16 टक्के ओलाव्याचे 100 किलो सोयाबीन 12 टक्क्यांपर्यंत वाळविले तर साधारण साडेपंच्याण्णव किलो भरते. व्यापारी ओलाव्यापोटी साडेचार किलोहून जास्त कापत असेल, तर माल ताडपत्रीवर पसरावा. कमी कापत असेल आणि वर आभाळही भरून आले असेल, तर देऊन मोकळे व्हावे.

2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. नोव्हेंबरच्या मध्यास केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती 15 टक्क्यांवर नेली. अशा वेळी कोणाच्या घरी किती ओलाव्याचा किती माल आहे, हे जिच्या वहीत लिहिलेले असेल, ती कंपनी त्याच संध्याकाळी निरोप धाडू शकते. वही कागदाची असो की मोबाइलमधली. रोज भरलेली हवी.

भाव पडलेला असला तर तारणाची वाट आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून बाजार समित्यांमार्फत चालते. तीत मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी मिळते. मात्र ओला माल गोदामात ठेवला तर बुरशी धरतो. तेव्हा पुन्हा यंत्रच काढायचे.

आणि हे सारे एकट्या कारकुनालाच येत असेल, तर तो लग्नाला गेला की कंपनी आंधळी! गावोगावच्या दोन-दोन सभासदांना, त्यांत बायाही आल्या, सोंगणीआधी हे शिकवावे. जमले तर बाजारातल्या यंत्राशेजारी आपले यंत्र ठेवून एकाच पोत्यातला माल दोन्हींवर मोजावा, आणि पडणारा फरक चिठ्ठीवर लिहून आपल्या यंत्रावर चिकटवावा.