नापास म्हणजे नालायक नव्हे

(वर्धापन दिनाच्या विद्यार्थी मेळाव्यात झालेले भाषण)



बँक, सी.ए., शेअर बाजार या क्षेत्रांविषयी मुलांना मार्गदर्शन करा, असं समितीने आम्हाला सांगितलं. मार्गदर्शनाची पुस्तकं पुष्कळ आहेत, क्लासही गल्लोगल्ली झाले आहेत. म्हणून क्लासच्या जाहिरातीत जी गोष्ट छापत नाहीत, त्या गोष्टीवर आज आम्ही बोलणार आहोत. ती म्हणजे नकार. निकालात आपला नंबर नसणे, मुलाखतीनंतर पत्र न येणे, आर्टिकलशिपसाठी दहा ऑफिसांत अर्ज देऊनही कुणी न बोलावणे. पास झालेल्यांचा आपण विहारात गुलाबपुष्प देऊन सत्कार करतो, आणि तो केलाच पाहिजे. पण ज्याचा नंबर हुकला तो पोरगा त्या दिवशी इकडे फिरकत नाही, मागच्या गल्लीने घरी जातो. आजचं बोलणं त्याच्यासाठी आहे.

आधी आकडे बघा. मे २०२४ मध्ये सी.ए.च्या अंतिम परीक्षेला दोन्ही ग्रुप एकदम देणारे ३५,८१९ विद्यार्थी बसले. पास झाले ७,१२२. म्हणजे १०० मागे २० सुद्धा नाहीत. मग उरलेले काय ढ होते? इंटरमिजिएट ओलांडून तिथवर आलेली ती पोरं होती! या परीक्षेत प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि ग्रुपच्या बेरजेत ५० टक्के, अशा दोन अटी आहेत. एका पेपरात ३९ पडले की बाकीचे पेपर कितीही चांगले जावोत, तो ग्रुप गेलाच. बँकेच्या पी.ओ. परीक्षेतही तेच. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, शिवाय चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. जागा संपल्या की यादी थांबते. त्या रेषेखाली राहिलेल्याची लायकी कुणी मोजलेली नसते. एका दिवसाचे गुण तेवढे मोजलेले असतात.

तेव्हा नकार आला की रडू आलं तर रडून घ्यावं, आणि नंतर शांतपणे एकच प्रश्न विचारावा: हा नकार कशामुळे आला? आमच्या अनुभवात कारणं मुख्यतः तीन. जागा किंवा पैसा कमी पडला, आपली तयारी कमी पडली, किंवा समोरच्याच्या मनात खोट होती.

हे तिन्ही नकार बाबासाहेबांच्या वाट्याला आले, आणि तेही याच पैशाच्या विषयात. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. हा पैशाचा नकार. पुढे त्यांनी मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देणारी पेढी काढली. लोक येऊ लागले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच येणारे थांबले आणि पेढी बंद पडली. हा दुसऱ्याच्या मनातल्या खोटीचा नकार. त्यांचं ज्ञान तिथे कमी पडलं होतं काय? मुळीच नाही. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांवर १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. तिथे रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी आहे तसा स्वीकारला नाही, पुन्हा लिहायला सांगितला. मुंबईला परतून त्यांनी तो नव्याने लिहिला. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी तो ग्रंथ लंडनला छापून आला. पुढे चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. पेढी बंद पडली तेव्हा त्यांनी दुसरं दार धरलं, आणि प्रबंध परत आला तेव्हा लेखणी धरली. कोणत्या नकाराला काय उत्तर द्यायचं, हे आपण त्यांच्याकडून शिकावं.

म्हणून मित्रांनो, तयारी कमी पडली असेल तर गुणपत्रिका फाडू नका, ती वाचा. सी.ए.च्या ग्रुपमध्ये नापास झालात, पण सगळे पेपर दिले होते आणि एखाद्यात ६० गुण आहेत, तर पुढच्या वेळी त्या पेपरातून सूट मिळते. अर्ज केला तर तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रतही मिळते. मुलाखतीत काय विचारलं, ते त्याच संध्याकाळी वहीत उतरवा. दाखल्याकडे आधीच लक्ष द्या. १९९० च्या कायदादुरुस्तीपासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती आहेत. पण दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. केवळ कागदासाठी जागा जाऊ देऊ नका.

आणि जिथे तुमचं उत्तर ऐकण्याआधी आडनाव आणि वस्ती विचारतात, तिथला नकार मनाला लावून घेऊ नका. राग येणारच, यावाही. पण तो राग स्वतःवर काढू नका.

आता आईवडिलांना हात जोडून विनंती. ‘शेजारच्याला लागली, तुला का नाही?’ हे वाक्य घरातून काढून टाका. लोकांची धुणीभांडी करून तुम्ही फी भरली, हे पोराला ठाऊक आहे. ते रोज ऐकवलं तर त्याचं ओझं होतं. आणखी किती वेळा परीक्षा द्यायची, तोवर घर कसं चालायचं, हे एकत्र बसून ठरवा. मधल्या काळात हिशेबनीसाचं काम, टॅलीचं, जी.एस.टी.चं काम करण्यात कमीपणा नाही. शिकलेलं तिथे कामालाच येतं. पण पाचव्या क्लाससाठी दागिने मोडू नका. पोरगं जेवत नसेल, झोपत नसेल, एकटं एकटं राहत असेल, तर निकालापेक्षा ते मोठं समजा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तिथे फोन करायला लाजू नका.

शेवटी एक ठरवू या. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही दोन तास इथेच बसणार आहोत. ज्यांचा नंबर लागला त्यांनी पुस्तकं घेऊन यावं. ज्यांचा लागला नाही त्यांनी गुणपत्रिका घेऊन यावं, आणि यावं ते पुढच्या दारानेच. एकेक पेपर सोबत बघू.

नमो बुद्धाय! जयभीम!