बटाट्यातला काळा डाग



पोती उचलणाऱ्यांची संघटना बांधणाऱ्याने खतावर काय म्हणून बोलावे, असे आपणांस वाटले असेल. आम्हांला हा विषय एका भांडणाने शिकवला. बटाटा आतून काळा निघाला म्हणून एका अडत्याने हमालांची मजुरी कापली. 'पोती आपटली' एवढेच त्याचे म्हणणे. साल कुठे फुटलेली नव्हती. तेव्हा आम्ही मिळतील ती शेतकीची पुस्तके वाचू लागलो.

पानात तयार झालेली साखर खाली कंदापर्यंत पोचवायला पालाश लागतो. तो कमी पडला की झाड जुन्या पानांतला पालाश काढून कोवळ्या पानांना देते; म्हणून आधी खालच्या पानांच्या कडा करपतात. म्हाताऱ्यांनी आपल्या ताटातले पोरांना वाढावे, तसेच हे. कंदही लहान राहतात. शिवाय पालाश थोडा असलेल्या कंदात टायरोसिन नावाचे द्रव्य जास्त साठते, आणि मार बसला की तेच एक-दोन दिवसांत काळे पडते. आपटल्याने डाग पडतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण तोच धक्का एका रानातला बटाटा सोसतो, दुसऱ्यातला सोसत नाही.

बटाट्याचे पीक टनामागे सुमारे ५ किलो पालाश जमिनीतून उचलते. आपल्या काळ्या जमिनीत पालाश भरपूर, या भरवशावर पुष्कळ शेतकरी तो घालीतच नाहीत. हलक्या मुरमाड रानात हा भरवसा नडतो. त्यात हे खत कॅनडा, रशिया, जॉर्डन अशा देशांतून यायचे. १९९२ साली त्याच्या किमतीवरचे नियंत्रण उठले, युरियाचे मात्र राहिले. मग गरीब माणूस स्वस्त युरियाची गोणी उचलणार, त्याला दोष कसा द्यावा? साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या पालाशाला २०२१ साली अनुदान मिळाले, ही त्यातल्या त्यात घरची गोष्ट. आणि जास्त घातला म्हणजे जास्त चांगले, असेही नव्हे. अती पालाशाने बटाटा पाणचट होतो.

तर त्या भांडणात आम्ही त्याच गाडीतली, त्याच हमालांनी उतरवलेली दुसऱ्या शेतकऱ्याची पोती उघडून बटाटे कापून दाखवले. ते पांढरेशुभ्र निघाले. अडत्या गप्प झाला. अर्धी मजुरी परत मिळाली. उरलेली अजून यायची आहे.