सुखना तलाव आणि त्यामागचे डोंगर

डोंगराच्या पायथ्याशी एखादा जलाशय असावा, त्याच्या काठी मुक्कामाला जागा मिळावी, दिवसभर जवळच्या नगरीत भटकावे आणि संध्याकाळी पुन्हा पाण्याकडे परतावे, ही प्रवाशाची फार जुनी हौस आहे. श्रीनगरला किंवा नैनितालला ती निसर्गाने आपण होऊन पुरविली. चंडीगडमध्ये मात्र मनुष्याला ती स्वतःच्या हातांनी पुरवून घ्यावी लागली. सुखना तलाव जेमतेम सहासात दशकांचा आहे. त्याच्या काठी उतरणाऱ्याने केवळ शोभा पाहून परतू नये. हे पाणी येथे कसे आले आणि ते कोणाच्या भरवशावर टिकले आहे, हेही जाणून घ्यावे. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाब राजधानीवाचून उरला. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नव्या राजधानीची जागा निवडण्यात आली. जवळच्या चंडीदेवीच्या मंदिरावरून नगरीला नाव मिळाले. पहिला आराखडा आल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी तयार केला होता. परंतु १९५० मध्ये नोविकी विमान-अपघातात मृत्यू पावले आणि पुढे हे कार्य ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू हे त्यांचे सहकारी होते. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नगरीचे उद्घाटन झाले.

या भूमीला बारमाही नदी नव्हती. होते ते पावसाळी ओढे. पंजाबात त्यांना ‘चो’ म्हणतात. वर्षातील बहुतेक महिने त्यांच्या पात्रात वाळूखेरीज काही नसते. पाऊस कोसळला की तेच पात्र दुथडी भरून वाहते. असा एक ओढा म्हणजे सुखना चो. १९५८ मध्ये त्याच्यावर मातीचे धरण बांधून सुमारे तीन चौरस किलोमीटरचा जलाशय निर्माण करण्यात आला. ल कॉर्बुझिए यांच्या बरोबरीने मुख्य अभियंते पी. एल. वर्मा यांना याचे श्रेय दिले जाते. धरणाच्या माथ्यावर वाहनांना मज्जाव असावा आणि पाण्यात यंत्रनौका नसाव्यात, असा कॉर्बुझिए यांचा आग्रह होता. नागरिकाला शहराच्या गजबजाटापासून दूर, शांततेत निसर्गाचा सहवास लाभावा, हा त्यामागील हेतू होता.

तो हेतू बऱ्याच अंशी सफल झाला आहे. काठावर किंवा जवळच्या अतिथिगृहात उतरलेला पाहुणा पहाटे बाहेर पडला, की धरणाच्या लांबलचक वाटेवर नगरवासी आधीच फिरावयास आलेले दिसतात. वृद्ध जोडपी असतात, विद्यार्थी असतात, वल्ही मारण्याचा सराव करणारे तरुणही असतात. समोर शिवालिकची रांग पाण्यात उतरलेली दिसते. हिवाळ्यात दूरदेशीची बदके येतात, तर स्वच्छ रात्री उंचावर कसौलीचे दिवे लुकलुकतात. याच पाण्याशी एक हृद्य आठवणही निगडित आहे. पिएर जानरे १९६५ पर्यंत चंडीगडमध्ये राहिले. १९६७ मध्ये ते निवर्तले आणि त्यांच्याच इच्छेनुसार १९७० मध्ये त्यांच्या अस्थी सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या.

तलावापासून नगरीकडे निघाले, की प्रथम राजधानी-संकुल लागते. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्या काँक्रीटच्या भव्य वास्तू येथे आहेत. ‘उघडा हात’ हे भव्य शिल्पही येथेच १९८५ मध्ये उभे राहिले. २०१६ मध्ये या संकुलाची जागतिक वारशात नोंद झाली. पुढे नगरी सुमारे आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब अशा विभागांत मांडलेली आहे. सतराव्या विभागाचा विस्तीर्ण चौक म्हणजे तिचे हृदय होय. बहावा, गुलमोहर अशा फुलझाडांच्या निवडीत डॉ. एम. एस. रंधावा यांची दृष्टी दिसते. नगरीच्या मध्यातून जाणारी हिरवी पट्टीही एका जुन्या ओढ्याच्या मार्गावर आखलेली आहे. म्हणजे आराखडा कितीही रेखीव असला तरी पाण्याच्या वाटेला त्याने मान दिलेलाच आहे.

या रेखीव नगरीचे दुसरे अंग संकुल आणि तलाव यांच्या दरम्यान पाहावयास मिळते. सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ता-निरीक्षक नेकचंद यांनी तेथील जंगलात, कोणालाही न सांगता, वर्षानुवर्षे एक सृष्टी उभी केली. नगरीसाठी जी खेडी उठविण्यात आली, त्यांच्या पडक्या घरांतील सामान, फुटक्या बांगड्या, कपबशांचे तुकडे आणि ओढ्यांतील दगडगोटे हेच त्यांचे साहित्य. नेकचंद स्वतः फाळणीत आपले गाव सोडून आलेले होते. काही वर्षांनी हे गुपित उघडकीस आले. परवानगीवाचून झालेले हे काम पाडून टाकण्याऐवजी प्रशासनाने ते जतन केले आणि १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ लोकांना खुले झाले. ज्यांची घरे गेली, त्यांची आठवण नव्या नगरीत अशा रीतीने टिकून राहिली.

नगरी पाहून पाहुणा तलावाकडे परततो. मात्र तलावाची खरी कथा नगरीत नाही, ती समोरच्या टेकड्यांत आहे. शिवालिक हा कोवळा, ठिसूळ पर्वत. मऊ वालुकाश्म, चिकणमाती आणि गोटे यांनी तो बनला आहे. झाडी गेली आणि चराई वाढली, तेव्हा प्रत्येक पावसाबरोबर डोंगर वाहून तलावात येऊ लागला. तलाव झपाट्याने गाळाने भरत चालला आणि त्याचे क्षेत्र पुढे निम्म्यावर आले. नुसता गाळ उपसून भागण्यासारखे नव्हते.

मृद्संधारण संस्थेच्या चंडीगड केंद्रातील पी. आर. मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळाचा माग काढला, तेव्हा तो आजच्या पंचकुला जिल्ह्यातील सुखोमाजरी या गुज्जर वस्तीच्या लहानशा गावापर्यंत पोहोचला. तेथील कुटुंबे उघड्या डोंगरावर शेळ्या व गुरे चारून आणि बेभरवशाच्या पावसावर शेती करून कसाबसा निर्वाह करीत. त्यांना नुसते ‘डोंगर सोडा’ म्हणणे व्यर्थ होते. १९७६ मध्ये तेथे मातीचा पहिला लहान बंधारा झाला. उद्देश गाळ अडविण्याचा होता. परंतु साचलेले पाणी शेताला मिळाले, तेव्हा गावकऱ्यांना डोंगराचे मोल नव्याने कळले. डोंगर राखला तरच बंधाऱ्यात पाणी राहील, हे त्यांनी जाणले. मग पाण्यात प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही, समान वाटा ठरला. गावाने स्वतः चराई थांबविली. शेळ्या कमी झाल्या आणि म्हशी वाढल्या. दोर वळण्यासाठी व कागदासाठी उपयुक्त असे भाबर गवत डोंगरावर दाट वाढले आणि उत्पन्नाचे साधन बनले. तेथून वाहून येणारी मातीही फार मोठ्या प्रमाणात थांबली. पाणलोटाच्या कार्यात देशभर सुखोमाजरीचे नाव घेतले जाते, ते याच कारणास्तव.

तथापि हा प्रश्न एकदाच सुटून संपला, असे झाले नाही. पाणलोटात लहान बंधारे पुष्कळ झाले. त्यांनी गाळाबरोबर पाणीही अडविले, असे मत पुढे आले. २०१२ मध्ये तलावाचा मोठा भाग कोरडा पडला, तर २०१८, २०२० आणि २०२३ मध्ये अतिवृष्टीमुळे धरणाचे दरवाजे उघडावे लागले. पाणलोटात इमारतीही चढू लागल्या होत्या. मार्च २०२० मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने सुखना तलावाला सजीव व्यक्तीचा दर्जा दिला आणि त्याच्या पाणलोटातील बांधकामांविरुद्ध कठोर आदेश दिले.

श्रोतेहो, व्यक्ती म्हटली की तिचे ऋणानुबंधही आलेच. तलावाकाठी संध्याकाळी निवांत बसलेल्या प्रवाशाला समोरचे पाणी नगरीची मालमत्ता वाटते. वस्तुतः ते डोंगराकडून आलेले आहे आणि डोंगर राखणाऱ्यांच्या चुलीवर, गोठ्यावर व शेतावर ते अवलंबून आहे. त्यांना न्याय्य वाटा मिळत राहिला, तर हे पाणी टिकेल. पुढे कोणी सुखनाच्या काठी मुक्कामास गेला, तर त्याने कसौलीचे दिवे अवश्य पाहावे. मात्र त्या दिव्यांच्या अलीकडे, अंधारात असलेल्या लहान गावांकडेही क्षणभर दृष्टी टाकावी.