लेखानुदान: पूर्ण अर्थसंकल्पाआधीची सोय

३१ मार्चला राज्य सरकारच्या वर्षभराच्या खर्चाची मंजुरी संपते. तासगावच्या तहसील कार्यालयातले पगार मात्र थांबवून चालत नाही. निवडणूक तोंडावर असली, की पूर्ण अर्थसंकल्पाऐवजी लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाची आगाऊ मंजुरी, येतं. उदाहरणार्थ, तत्कालीन अर्थमंत्री अजित पवारांनी २७ फेब्रुवारी २०२४ रोजी विधानसभेत अंतरिम अर्थसंकल्प मांडला. पूर्ण अर्थसंकल्प आला २८ जूनला.

लेखानुदानाला आधार राज्यघटनेच्या कलम २०६ चा. आधी विधानसभा अनुदान मंजूर करते, मग विनियोजन विधेयक. विधान परिषद त्यावर फक्त शिफारशी करू शकते, त्याही १४ दिवसांत. स्वीकारायच्या की नाही, हे विधानसभा ठरवते. शेवटी राज्यपालांची संमती. लेखानुदानावरची चर्चा बहुधा थोडक्यात उरकते, हे काही बरं नव्हे.

तासगावकरांनो, आपल्या आमदारांना जरूर विचारा: लेखानुदानावर सभागृहात काय बोललात?